संकोच घरी ठेवा, पाय मोकळे ठेवा

नातवंडाच्या ओढीने परदेशी निघालेल्या आजी-आजोबांची बॅग महिनाभर आधी भरून तयार असते. पण विमानातल्या अरुंद खुर्चीत अख्खी रात्र काढायची तयारी कोण करते?

चामराजपेटेतल्या एखाद्या मराठी घरात परदेशाचे तिकीट आले की सर्वांत आधी वजनकाटा बाहेर निघतो. मेतकूट, भाजणी, सुनेसाठी डिंकाचे नि अळिवाचे लाडू, बाळासाठी जुन्या मऊ सुती साडीची दुपटी, शिवाय मुलाला आवडतात म्हणून इथल्याच दुकानातली कोडबळी. बॅग २३ किलोंच्या वर गेली की लाडू काढायचे की दुपटी, यावर घरात चर्चासत्र भरते. पासपोर्ट, विमा, औषधे यांच्या याद्या भिंतीवर लागतात. अशातच एका रात्री मुलाचा फोन येतो.

"आई, सीट कुठली घेऊ? खिडकीजवळची?"

"घे रे कुठलीही. खिडकीशी कोपऱ्यातली बरी. कुणाला आपला त्रास नको."

हे 'कुणाला त्रास नको' अगदी आपल्या वळणाचे, सभ्य घरातले बोलणे. पण दहा-बारा तासांच्या रात्रीच्या प्रवासात हेच बोलणे सर्वांत महागात पडू शकते. खिडकीशी कोपऱ्यात बसलेली आजी शेजारच्या दोन परक्या माणसांना उठवायला नको म्हणून स्वच्छतागृहात जात नाही. तिथे जावे लागू नये म्हणून पाणी पीत नाही. पाणी पीत नाही म्हणून घसा कोरडा, डोके जड. आणि उठत नाही म्हणून पाय सुजलेले. उतरल्यावर बाळाला मांडीवर घ्यायचे, तर मांडी घालता येत नाही!

प्रवास सुरू होण्याआधीच दमणूक

युरोपकडे जाणारी बरीचशी विमाने बेंगळुरूहून मध्यरात्रीनंतर सुटतात. त्यामागे हिशेब आहे. तिकडच्या मोठ्या विमानतळांवर ती सकाळी पोहोचावीत आणि तिथून अमेरिकेला जाणारे पुढचे विमान प्रवाशांना मिळावे, असे ते वेळापत्रक असते. कंपन्यांच्या दृष्टीने हे सोयीचे, पण प्रवाशाच्या शरीराच्या दृष्टीने अवघड.

पूर्वी शहरातच असलेल्या एचएएल विमानतळावरून विमाने सुटत. मे २००८ मध्ये देवनहळ्ळीजवळचा नवा विमानतळ सुरू झाला आणि चामराजपेटपासून हे अंतर सुमारे ४० किलोमीटर झाले. विमान रात्री दोनचे असले तरी तीन तास आधी पोहोचायचे, शिवाय वाटेतली वाहतूक कोंडी धरायची, म्हणजे घरातून आठ-साडेआठलाच निघायला हवे. दिवसभर निरोप घ्यायला शेजारीपाजारी येत असतात. देवाला नमस्कार, दारात ओवाळणी, शेवटच्या क्षणी सापडलेली किल्ली... विमानात पाय ठेवेपर्यंत माणूस अठरा तासांचा जागा असतो.

म्हणून पहिला उपाय घरच्या घरी करण्याचा आहे. निघण्याच्या आदल्या दिवशीच बॅगांना कुलूप लावावे. निघायच्या दिवशी दुपारी दोन तास दार लोटून झोपावे. पाहुण्यांना आदल्या संध्याकाळी बोलवावे. त्या दोन तासांच्या झोपेचा उपयोग रात्रभर होतो.

सतरा-अठरा इंचांचे घर

इकॉनॉमी वर्गातील खुर्चीची रुंदी साधारण १७ ते १८ इंच असते. आपल्या खुर्चीपासून पुढच्या खुर्चीच्या त्याच जागेपर्यंतचे अंतर बहुतेक ३० ते ३२ इंच. त्यातच खुर्चीची जाडी आणि आपले गुडघे! ओसरीवर पाय पसरून शेंगा निवडायची सवय असलेल्या माणसाला ही जागा म्हणजे शिक्षाच वाटते.

या जागेतली हवाही वेगळी असते. विमान ३५ हजार फुटांवर असले तरी आतला दाब सुमारे ६ ते ८ हजार फूट उंचीवर असतो तेवढा राखला जातो. म्हणजे तीन हजार फुटांवरच्या बेंगळुरूहून उठून आपण रात्रभर उटीला जाऊन बसतो, असे समजा. फरक इतकाच की उटीची हवा ओलसर, तर विमानातली अतिशय कोरडी. आर्द्रता अनेकदा २० टक्क्यांच्याही खाली जाते. ओठ फुटतात, डोळे चुरचुरतात, नाक कोरडे पडते.

दाब कमी झाला की वायू फुगतो, हे शाळेत शिकलेलो असतो. तोच नियम पोटालाही लागू आहे. आठ हजार फुटांच्या दाबाला पोटातला वायू जमिनीवरच्यापेक्षा जवळजवळ एक तृतीयांशाने फुगतो. म्हणून निघण्याआधी निरोपाच्या जेवणात छोल्यांची उसळ, राजमा, कोबी आणि वर सोडा असा बेत नको. मऊ भात, वरण, दही हे उत्तम. आणि परकराची नाडी किंवा पँटचा पट्टा नेहमीपेक्षा थोडा सैलच बांधावा. रात्री तीन वाजता त्याचे महत्त्व पटते.

लंडनच्या निवाऱ्यातला धडा

खूप वेळ बसून राहिल्याने पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी होऊ शकते, हे कळले ते विमानामुळे नव्हे. दुसऱ्या महायुद्धात, १९४० साली, लंडनवर रात्रीमागून रात्री बाँब पडत होते. हजारो लोक निवाऱ्यांमध्ये आरामखुर्च्यांवर बसून रात्र काढत. त्या काळात फुप्फुसात गुठळी अडकून होणारे मृत्यू अचानक वाढले. डॉ. कीथ सिम्पसन यांनी 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात ही गोष्ट त्याच वर्षी मांडली. कारण साधे होते. खुर्चीची पुढची कड मांडीच्या मागच्या बाजूला दाबत होती आणि पाय तासन्‌तास हलत नव्हते.

पुढे १९५४ मध्ये अमेरिकेतील शल्यविशारद जॉन होमन्स यांनी लांबच्या प्रवासानंतर असेच झालेल्या रुग्णांची नोंद केली. त्यांत विमानाने प्रवास केलेलेही होते. जागतिक आरोग्य संघटनेने २००७ मध्ये आपल्या अभ्यासाचे निष्कर्ष जाहीर केले. चार तासांहून अधिक वेळ प्रवासात बसून राहिल्यास गुठळीचा धोका सुमारे दुपटीने वाढतो. मग ते विमान असो, रेल्वे असो, बस असो की मोटार. घाबरून जाण्याचे मात्र कारण नाही. निरोगी माणसांत हे प्रमाण सुमारे सहा हजारांत एक इतके कमी आढळले. पण ज्यांच्या बाबतीत हा धोका अधिक, त्यांनी काळजी घ्यायलाच हवी.

त्या अभ्यासातली एक बाब आपल्या घरच्या बायकांनी मुद्दाम लक्षात ठेवण्याजोगी आहे. विमानप्रवासात फार उंच माणसांना धोका अधिक असतो, तसाच १६० सेंटिमीटरपेक्षा, म्हणजे सव्वापाच फुटांपेक्षा, कमी उंचीच्या माणसांनाही असतो. आपल्याकडच्या किती आज्या या उंचीच्या वर असतील? खुर्ची उंच, पाय जमिनीला नीट टेकत नाहीत, लोंबकळत राहतात आणि खुर्चीची कड मांडीला दाबते. लंडनच्या निवाऱ्यात होते तेच पुन्हा! यावर उपाय फुकटचा आहे. हातातली लहान मऊ पिशवी पायांखाली ठेवावी. पावले टेकली आणि गुडघे किंचित वर आले की मांडीवरचा दाब कमी होतो. विमान सुटताना आणि उतरताना मात्र ती पिशवी पुढच्या खुर्चीखाली सरकवून ठेवावी.

कोपरा नको, कडेची जागा घ्या

आता मुलाच्या प्रश्नाकडे वळू. सीट कुठली घ्यायची? साठी ओलांडलेल्या प्रवाशाने, गुडघेदुखी किंवा वारंवार लघवीला जावे लागणाऱ्याने मधल्या वाटेलगतची सीटच मागावी. कुणाला उठवायला नको, कुणाची परवानगी नको. एकीकडचा पाय अधूनमधून वाटेत सोडता येतो. फक्त गाडी येताना दिसली की आत घ्यावा.

दोघे मिळून जाणार असतील तर विमान कुठल्या जातीचे आहे, हे मुलाला पाहायला सांगावे. एअरबस ३३० मध्ये साधारणपणे एका ओळीत दोन-चार-दोन अशा खुर्च्या असतात. त्यातली कडेची दोनाची जोडी नवरा-बायकोसाठी फार सोयीची. एकाला खिडकी, एकाला वाट, आणि मध्ये परके कुणीच नाही. बोइंग ७८७ मध्ये बहुधा तीन-तीन-तीन अशी रचना असते. तिथे वाटेच्या दोन्ही बाजूंच्या समोरासमोरच्या जागा घेतल्या तर दोघांनाही मोकळेपणा मिळतो आणि बोलताही येते.

आपत्कालीन दरवाजाजवळ पाय पसरायला भरपूर जागा असते, पण त्या जागा वृद्धांना, मुलांना आणि गरोदर स्त्रियांना देत नाहीत. पुढच्या भिंतीलगतच्या जागांवर तान्ह्या बाळांचे पाळणे लागतात, म्हणून झोपमोडीची तयारी हवी. अगदी शेवटच्या ओळीची खुर्ची अनेकदा पूर्ण मागे होत नाही आणि स्वच्छतागृहापुढची रांग डोक्यावर उभी राहते. जागेसाठी काही कंपन्या जादा पैसे घेतात. कोडबळ्यांच्या जादा वजनाचे पैसे भरण्यापेक्षा हे पैसे भरलेले बरे.

जेवण मागवताना

शाकाहारी प्रवाशांची एक फजिती नेहमीची. अर्ज भरताना यादीत 'हिंदू मील' दिसते आणि आपण निश्चिंत मनाने तेच निवडतो. विमानात झाकण उघडले की आत कोंबडी! विमान कंपन्यांच्या सांकेतिक भाषेत 'हिंदू मील' म्हणजे गोमांस नसलेले, पण मांसाहारी जेवण. शाकाहारी भारतीय जेवण हवे असेल तर 'एशियन व्हेजिटेरियन' म्हणजे 'एव्हीएमएल', आणि कांदा-लसूण व कंदमुळे नको असतील तर 'जैन' म्हणजे 'व्हीजेएमएल' मागावे. ही मागणी निदान एक दिवस आधी नोंदवावी लागते. वाटेत विमान बदलायचे असेल तर दोन्ही विमानांसाठी ती नोंदली गेली आहे ना, हेही पाहावे.

कोरड्या हवेत आणि कमी दाबात जिभेला मीठ-साखर कमी जाणवते. जेवण आळणी लागते, म्हणून वर लोणचे आणि खारे शेंगदाणे खाल्ले जातात. त्याने तहान आणि पायांची सूज दोन्ही वाढतात. घरून नेण्यासाठी मऊ धपाटे, साधे चुरमुरे, खजूर उत्तम. फळे नेलीत तर उतरण्याआधी खाऊन संपवावीत. अमेरिकेसारख्या देशांत ती विमानतळाबाहेर नेण्यावर कडक निर्बंध आहेत.

पाण्याची रिकामी बाटली हातात ठेवावी. सुरक्षा तपासणीत भरलेली बाटली काढून घेतात, कारण हातसामानात १०० मिलिलिटरपेक्षा मोठ्या डब्यात पातळ पदार्थ चालत नाहीत. रिकामी बाटली पलीकडे गेल्यावर भरता येते. दर तासाला चार-पाच घोट पाणी घ्यावे. मूत्रपिंडाचा किंवा हृदयाचा आजार असल्यास पाण्याचे प्रमाण डॉक्टरांना विचारून ठरवावे. बेंगळुरूकरांना कॉफी सोडा असे सांगणे कठीण. एक कप प्यायला हरकत नाही, पण झोपायच्या आधी नको. फुकट मिळते म्हणून मद्य घेण्याचा मोह टाळावा. त्याने झोप तुटक लागते आणि माणूस एकाच अवघडलेल्या स्थितीत पडून राहतो.

न बोललेली अडचण

एका गोष्टीबद्दल घरात कुणी बोलत नाही, पण पहिल्यांदा जाणाऱ्या कितीतरी बायकांच्या मनात हीच भीती असते, ती म्हणजे विमानातले स्वच्छतागृह. दार कसे उघडायचे? आत अडकले तर? पाणी नसले तर?

बहुतेक विमानांत हे दार मधोमध ढकलले की आतल्या बाजूला दुमडते. आत जाऊन कडी सरकवली की दिवा पूर्ण उजळतो. बटण दाबल्यावर सर्व ओढून घेणारा मोठा आवाज होतो, त्याला दचकू नये. तिथे कागद असतो, तांब्या नसतो. म्हणून पर्समध्ये कागदी पेला आणि ओले रुमाल ठेवावेत. तिथल्या नळाचे पाणी हात धुण्यापुरते वापरावे, पिऊ नये. अनवाणी मात्र जाऊ नये. जेवणाची गाडी येण्याआधी जाऊन यावे. जेवणानंतर आणि उतरण्याआधी तासभर लांबच लांब रांग असते. मुलाने किंवा सुनेने फोनवर पाच मिनिटे काढून हे समजावून सांगितले, तर आईची निम्मी धास्ती घरीच संपते.

झोपेची मांडामांड

पातळ रग खांद्यावरून घ्यावा आणि पट्टा त्याच्यावरून बांधावा. म्हणजे विमान हलू लागल्यावर पट्टा पाहण्यासाठी कर्मचारी झोपेतून उठवत नाहीत. मिळालेली लहान उशी डोक्याखाली न घेता कमरेच्या खोलगट भागात सरकवून पाहावी. पाठीला खूप आराम पडतो. मानेसाठी घरची शाल गुंडाळी करून घेतली तरी चालते. सैल सुती कपडे, अंगात स्वेटर, पायांत मोजे. बूट-चपला किंचित सैल असाव्यात, कारण पाय थोडे सुजतातच. कॉन्टॅक्ट लेन्स काढून चष्मा लावावा. ओठांना आणि नाकपुड्यांच्या कडांना मलम लावावे.

विमानात बसल्याबरोबर घड्याळ पोहोचण्याच्या गावाच्या वेळेला लावावे. मध्यरात्रीनंतर विमान सुटले असेल तर पहिले जेवण सोडून सरळ झोपणे शहाणपणाचे. 'पैसे भरलेत तर सोडायचे कशाला?' हा विचार इथे उपयोगाचा नाही. उतरताना जागे राहावे, तोंडात गोळी धरून गिळत राहावे, म्हणजे कान बंद होत नाहीत.

दर दोन तासांनी एवढे कराच

• टाचा टेकवून चवडे वर, मग चवडे टेकवून टाचा वर, असे २० वेळा.
• दोन्ही घोटे गोल फिरवणे, दोन्ही दिशांना दहा-दहा वेळा.
• एकेक गुडघा पोटाकडे उचलणे, पाच-पाच वेळा.
• खांदे वर-खाली, मान हळूच डावीकडे-उजवीकडे.
• जागे असताना आणि पट्टा सोडायची मुभा असताना वाटेतून एक फेरी. मागच्या बाजूला दोन मिनिटे उभे राहून टाचा उचलणे.

शेजारचे काय म्हणतील, हा प्रश्न मनात आणू नये. नेहमी प्रवास करणारे स्वतः हेच करत असतात.

डॉक्टरांना आधी विचारा

अलीकडे शस्त्रक्रिया झालेली असेल, पूर्वी कधी गुठळी झाली असेल, कर्करोगाचे उपचार चालू असतील, गर्भारपण किंवा नुकतेच बाळंतपण असेल, संप्रेरकांच्या गोळ्या चालू असतील, तर तिकीट काढण्याआधीच डॉक्टरांना भेटावे. पायांसाठी विशिष्ट दाबाचे लांब मोजे मिळतात. ते योग्य मापाचे असतील तर उपयोगी पडतात, पण वैद्यकीय सल्ल्यानेच घ्यावेत. कुणीतरी सांगितले म्हणून ॲस्पिरिन घेऊ नये.

मधुमेही प्रवाशांनी गोळ्यांच्या आणि इन्शुलिनच्या वेळा लिहून घ्याव्यात, कारण पश्चिमेकडे जाताना दिवस काही तासांनी लांबतो. सर्व औषधे डॉक्टरांच्या चिठ्ठीसह हातसामानात ठेवावीत. इन्शुलिन मोठ्या बॅगेत टाकू नये. सामानाच्या कप्प्यात ते गोठून निकामी होऊ शकते.

चालायला त्रास असेल तर चाकांची खुर्ची किमान ४८ तास आधी नोंदवावी. त्यात कमीपणा मानू नये. परक्या विमानतळावर एका टोकाहून दुसऱ्या टोकापर्यंत अर्धा तास चालावे लागते. एकाच पोटरीत दुखणे, सूज आणि गरमपणा जाणवला, किंवा अचानक धाप लागून छातीत दुखू लागले, तर प्रवासाचा शीण म्हणून सोडून देऊ नये. प्रवासानंतर काही आठवड्यांपर्यंतही अशी तक्रार उद्भवू शकते. ताबडतोब डॉक्टर गाठावा.

संकोचाला रजा

उपायांची यादी मोठी असली तरी मूळ गोष्ट एकच आहे. पाणी हवे असेल तर मागावे. थंडी वाजत असेल तर दुसरा रग मागावा. खुर्चीच्या हातावर माणसाच्या चित्राचे बटण असते, ते दाबण्यासाठीच असते. 'वॉटर, प्लीज' एवढे दोन शब्द पुरतात. आयुष्यभर पंगतीत शेवटी बसणाऱ्या, सर्वांना वाढून झाल्यावर उरलेले जेवणाऱ्या बाईला हे दोन शब्द फार जड जातात. पण त्या तिकिटाचे पैसे शेजारच्याइतकेच भरलेले असतात.

म्हणून पुढच्या वेळी मुलाने सीट विचारली की, "कुठलीही घे" म्हणू नका. "वाटेकडची घे रे, मला मधूनमधून उठायचे आहे" असे सांगा. पहाटे विमानात दिवे मंद असतील, सगळे झोपलेले असतील, तेव्हा उठा. एक फेरी मारा, घोटभर पाणी प्या. पलीकडे जे इवलेसे पाहुणे वाट पाहत आहेत, त्यांना लाडवांपेक्षा आजीची मांडी जास्त हवी आहे.